सोमवारचं वांगं

तिसरी स्ट्रिप पुसायला घेतली तेव्हा मला मासा दिसला. त्याआधीच्या दोन मी पुसून मोकळा झालो होतो. स्पिरिटचा बोळा, दोन फटके, स्ट्रिप कोरी, पुढची. चार वर्षं दर रविवारी हेच करतोय, त्यामुळे हात आता डोळ्यांना विचारत नाहीत. लोकांच्या खुणा पुसणं हे या कामात आलंच. कुणी बॉलपेननं 'सकाळ' लिहिलेलं असतं, कुणी वार, कुणी नुसतीच फुली. खुणेसकट स्ट्रिप दुसऱ्याच्या हातात गेली तर त्याची वाट लागायची, कारण एकाची रात्रीची गोळी दुसऱ्याची सकाळची असते. म्हणून पुसायचं. पण हा मासा होता. तांदळाच्या दाण्याएवढा, निळा, गोळीमागच्या चंदेरी कागदावर काढलेला, शेपटी वर वळवलेली आणि डोळा म्हणून एक टिंब. शेजारी आणखी एक मासा. मग देठासकट एक वांगं. मग पुन्हा मासा. पुढे स्ट्रिप संपली. मी ती टेबलावर ठेवली आणि उगाचच हिल्डाबाईंना म्हणालो, "पंखा जरा कमी करा ना." त्या म्हणाल्या, "अहो दळवी, पंखा बंदच आहे." बंदच होता.

मी काही ख्रिस्ती नाही. मालवणकडचा दळवी, शिवदास गुणाजी, वय सहासष्ट, जोगेश्वरीला एका मेडिकलच्या काउंटरवर चाळीस वर्षं उभा राहिलेला. अंधेरी पूर्वेच्या गावठाणातल्या या चर्चच्या हॉलमध्ये मी आलो तो बायकोच्या औषधांमुळे. क्षमा गेली, आणि तिच्या गोळ्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा घरात राहिला. आयुष्यभर औषध विकलेला माणूस मी, पण तो डबा मला कचऱ्यात टाकवेना. कुणीतरी सांगितलं, चर्चवाले उरलेली औषधं घेतात, निवडतात आणि त्यांचा डॉक्टर दर गुरुवारी आरेच्या पाड्यांवर जाऊन ती तपासून देतो. गेलो. टेबलामागे हिल्डाबाई होत्या, शाळेतून रिटायर झालेल्या, हातात रजिस्टर. "नाव सांगा, आजार सांगा, पेशंट बरा झाला की..." असं त्या विचारायला लागल्या आणि मी भडकलो. एवढा ओरडलो की फादर धावत आले. "औषध देणाऱ्याला नाव विचारता? लाज नाही वाटत? त्याच्या घरातलं माणूस गेलेलं असतं!" आणि मग त्याच खुर्चीत बसून रडलो. फादरांनी चहा दिला, रजिस्टर बंद केलं, आणि पुढच्या रविवारी मी स्वतः पुठ्ठ्यावर पाटी रंगवून आणली : नाव विचारू नये, सांगू नये. तेव्हापासून मी इथलाच झालो. दाराकडे पाठ करून बसतो, म्हणजे पिशवी ठेवणाऱ्याचं तोंड दिसत नाही. चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, चालू असताना हॉलमधल्या स्पीकरवर सगळं ऐकू येतं, माझं एक्स्पायरीच्या तारखांवरून लक्ष उडतं, म्हणून स्पीकरचं बटण बंद करतो. आणि सुटताना मागच्या फाटकानं जातो, कारण पुढे मिस्सेनंतर गर्दी असते, लोक थांबवून हालहवाल विचारतात. मला हालहवाल सांगायचा कंटाळा. हे सगळं मी मोठ्या शहाणपणानं ठरवलेलं होतं.

आमच्या आईला अक्षर येत नव्हतं. मी विसाव्या वर्षी मेडिकलात लागलो, त्याच वर्षी तिला ब्लडप्रेशर आणि हार्ट दोन्ही निघालं, दिवसातून तीन वेगळ्या गोळ्या. बाबा गिरणीत पाळीवर, मी दुकानात. ती सकाळची रात्री घ्यायची आणि रात्रीची दुपारी. एकदा पडली. तेव्हा सुलू तेरा वर्षांची होती, माझी बहीण, चित्रकलेच्या वहीत नेहमी वरचा शेरा मिळवणारी. मी तिला म्हटलं, खुणा करायच्या काहीतरी. तिनं रात्रभर डोकं चालवलं असावं, कारण सकाळी तिन्ही स्ट्रिपा तयार होत्या. सकाळच्या गोळीमागे कप. रात्रीच्या गोळीमागे उशी. दुपारच्या गोळीमागे मासा, कारण आईची दुपार म्हणजे मासाच. आई खूश झाली, सगळ्या चाळीला दाखवून आली, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "सोमवारी मासो कशाक काढलंस गो? सोमवार पाळतंय मी." झालं! सुलूनं डोक्याला हात लावला. पण ती ऐकणारी कुठली, तिनं वार मोजले आणि दर सोमवारच्या कप्प्यावर मासा खोडून वांगं काढलं. तेव्हापासून तेच चाललं. दर महिन्याला मी स्ट्रिपा आणायच्या, तिनं पालथं पडून, जीभ बाहेर काढून, त्यावर चित्रं काढायची. जगात ही वांग्याची भानगड चार माणसांना ठाऊक होती. त्यातली दोन कधीच गेली. उरलो मी आणि ती.

पस्तीस वर्षं मी तिच्याशी धड बोललेलो नाही. अगदी सरळ सांगतो, तिचा गुन्हा एवढाच की तिनं परेरांच्या मुलाशी लग्न केलं. आधी रजिस्टर, मग खारदांड्याच्या बाजूला त्यांच्या चर्चमध्ये. गिरण्यांचा संप फसल्यापासून बाबा घरीच बसून होते, त्यांच्याजवळ राग सोडून काही शिल्लक नव्हतं. त्यांनी भर दुपारी मोरीत बसून डोक्यावरून आंघोळ केली आणि म्हणाले, "सुटलो." मला कुणी काही करायला सांगितलं नव्हतं. मी आपणहून रेशनकार्ड घेऊन रेशनिंग ऑफिसात गेलो, तिचं नाव काढायला. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "कारण काय लिहू? लग्न की मयत?" तो पुन्हा म्हणाला, "अहो लवकर बोला, लग्न की मयत?" मी मयत म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. तो वैतागला आणि त्यानंच लग्नावर खूण केली. घरी येऊन मी आईच्या स्ट्रिपा पुढ्यात घेतल्या, कारण आता ते काम माझ्याकडे आलं होतं. कप जमला. उशी म्हणजे नुसता चौकोन, तीही जमली. मासा काढला तर आई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "ह्यो काय मासो? चपल दिसता ती." आणि हसली, आणि मग पदर तोंडाला लावला. दोन वर्षं तिनं माझ्या चपला बघून गोळ्या खाल्ल्या. एकदाही माझ्यापाशी सुलूचं नाव काढलं नाही, फक्त दुपारची गोळी हातात घेतली की एक क्षण थांबायची. ती गेली तेव्हा मी सुलूला कळवलं नाही. तेरावं झाल्यावर कुठूनतरी कळून ती आली, चाळीखाली नळापाशी उभी राहिली, पोटुशी होती. मी गॅलरीतून खाली बघून म्हटलं, "आता काय उपयोग?" सगळी चाळ ऐकत होती. आज मला कळत नाही, हे वाक्य मी कुणाच्या आवाजात बोललो. माझ्याच, आणखी कुणाच्या?

तर आता तिचा मासा टेबलावर होता आणि पलीकडे हिल्डाबाई खोकल्याच्या बाटल्या तारखांप्रमाणे लावत होत्या. आमच्याकडे येणाऱ्या दहा पिशव्यांतल्या आठ मेलेल्या माणसांच्या असतात. हे आम्ही बोलत नाही, पण पिशवी उचलली की कळतं. बरा झालेला माणूस अर्धी स्ट्रिप आणून देतो. मेलेल्याचं सगळं येतं, थर्मामीटरसकट. मी ती निळी कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. थर्मामीटर होता. गोळ्या फोडायची छोटी कात्री, तोंड पुसायचे रुमाल, धुऊन घडी घातलेले. हार्टच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या, प्रेशरच्या. सुलूला आईचंच दुखणं लागलं असणार, मी म्हटलं. आमच्याकडे ते आहेच, मलाही आहे. स्ट्रिप पुन्हा हातात घेतली. दहा कप्पे, सहा फुटलेले, चार भरलेले. भरलेल्यांत वांगं तिसऱ्यावर. म्हणजे सोमवार तिसरा, रविवार दुसरा, पहिली न घेतलेली गोळी शनिवारची. शुक्रवारी दुपारी शेवटची गोळी घेतली आणि शनिवारी दुपार झालीच नाही. चाळीस वर्षं मी गोळ्यांवरून लोकांचे आजार ओळखले, कधी बढाया मारल्या, आणि आता बहीण कुठल्या वारी गेली तेही गोळ्यांवरूनच मोजत होतो. आधीच्या दोन स्ट्रिपा उलटून बघितल्या. कोऱ्या. एक कपांची असणार, एक उश्यांची. बोळा निळा झालेला होता. मी तो बोळा खिशात ठेवला, का ते विचारू नका.

मला रडू आलं नाही. राग आला, तोही तिचाच. अगं, सोमवार पाळत होतीस! परेरांच्या घरात, क्रॉसखाली बसून, सोमवारी वांगं खात होतीस, आणि मी पस्तीस वर्षं लोकांना सांगत होतो की ती बाटली, आपल्यातली राहिली नाही. एकदा तरी सांगायचंस. कुणाला सांगणार होती? गॅलरीतल्या माणसाला? मग मी डोळे चोळून पुन्हा त्या माशाकडे बघितलं, आणि चाळीस वर्षांचं काउंटर माझ्या मदतीला आलं. चित्र हे वाचता न येणाऱ्यासाठी असतं. सुलू बीकॉम झालेली. स्वतःच्या गोळीवर ती मासा कशाला काढेल? चित्र काढणारा माणूस आणि गोळी घेणारा माणूस एक नसतो. आई घ्यायची, सुलू काढायची. सुलू आहे. सुलू जिवंत आहे! गेलाय तो, तिचा नवरा. आणि मला सांगायची लाज वाटते, पण या खुर्चीवर बसून मी हुश्श केलं. एका माणसाच्या मरणावर मोठ्यानं हुश्श केलं, इतकं की हिल्डाबाईंनी मान वर केली.

त्याचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. 'तो' म्हणायचे. मी त्याला आयुष्यात दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा आठ वर्षांपूर्वी, दुकानात. संध्याकाळची वेळ, काउंटरवर चार-पाच गिऱ्हाइकं, आणि पांढऱ्या केसांचा एक उंच माणूस प्रिस्क्रिप्शन पुढे करून उभा. वर नाव सुलक्षणा परेरा. खारदांड्याहून जोगेश्वरीपर्यंत औषधाला कोण येतं? वाटेत शंभर मेडिकल आहेत. मी गोळ्या काढल्या, कापल्या, पाकिटात घातल्या. तो हळूच म्हणाला, "शिवदासभाऊ, सुलूचा पाय मोडलाय. पडूनच आहे. तुमची सारखी आठवण काढते. एकदा आलात तर..." त्याचा हात काउंटरवर होता, पंजा उघडा, जसा आपण लहान मुलापुढे धरतो. मी पाकीट त्या हातावर ठेवलं आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघत म्हटलं, "पुढे कोण?" तो दोन मिनिटं तिथेच उभा राहिला. मग "बरं" म्हणाला आणि गेला. रागावला असता तर मी आज त्या रागाला धरून बसलो असतो. तो "बरं" म्हणाला. त्या रात्री क्षमाला मी हे सांगितलं, तर तिनं माझं ताट वाढलं आणि स्वतः न जेवता झोपली.

"हिल्डाबाई," मी म्हटलं, "ही पिशवी कधी आली?"

"ही निळी? झाले तीन रविवार. तुम्ही पाड्यांवरच्या कॅम्पचे खोके भरत होतात, म्हणून मी खाली सरकवली."

"कुणी दिली?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. "पाटी कुणाची?"

"मस्करी नको. सांगा."

माझ्या तोंडाकडे बघून त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या. "बाई होती एक. साडी, बारीकशी टिकली. मला वाटलं तुमच्यातली कुणीतरी. नंतर कळलं परेरांची. बेनी परेरांची बायको. आधी खारदांड्याला होते, वर्षभरापूर्वी इथल्या नवीन बिल्डिंगमध्ये आले. त्यांना पॅरालिसिसचा झटका आला होता ना, चालायचे, बोलायचे थोडंथोडं, पण वाचता यायचं नाही. अक्षर पार गेलं होतं."

"काही म्हणाली ती?"

"विचारलं, आत पाठमोरे बसलेत ते दळवी ना? मी म्हटलं, हो, बोलावू? तर म्हणाली, नको, काम करू दे त्याला, सुटल्यावर भेटते. त्या समोरच्या बाकावर बसली. दीड वाजेपर्यंत बसली होती हो, उन्हात. शेवटी मी कुलूप लावायला आले आणि म्हटलं, बाई, ते तर केव्हाच गेले, ते मागच्या फाटकानं जातात."

मी रुमाल पुन्हा पिशवीत घालायला लागलो.

"चिठ्ठी ठेवता का, विचारलं मी. नको म्हणाली. पिशवी उघडली की कळेल त्याला."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? तीन आठवडे?"

"कसं सांगणार?" हिल्डाबाईंचा आवाज चढला. "पहिल्या दिवशी माझ्या अंगावर ओरडला होतात ते विसरलात? नाव विचारायचं नाही, कोण आलं सांगायचं नाही. चार वर्षं मी ते पाळते. घाबरते मी तुम्हाला, दळवी. आणि तीन रविवार फादर मिस्सेत त्यांचं नाव घेतायत. मला वाटलं, ऐकलं असेल तुम्ही. आज तर महिन्याची मिस्सा आहे त्यांची, साडेनऊची. संपत आली असेल."

मी उठलो आणि स्पीकरचं बटण दाबलं. खरखर झाली, मग फादरांचा आवाज आला, हॉलभर : "...आपला बंधू बेनेडिक्ट..." पुढचं मी ऐकलं नाही. आपला बंधू. चार वर्षं या भिंतीच्या पलीकडे सगळं मोठ्यानं बोललं जात होतं आणि मी अलीकडे बसून तारखा वाचत होतो. हॉल आणि चर्च यांच्यामध्ये वीस पावलांचं अंगण आहे. ते मी कधी ओलांडलं नव्हतं. बाबांनी मोरीत आंघोळ केली तेव्हा ठरलं होतं बहुतेक, की औषधं निवडायला चालेल, आत जायचं नाही. दाराशी मी चपला काढल्या. आत गेल्यावर कळलं की सगळे बूट-चपला घालून आहेत, अनवाणी मीच एकटा. लादी गार होती. मागच्या खांबाशी उभा राहिलो. पहिल्या बाकावर पांढरी साडी, पिकलेला अंबाडा, मान थोडी डावीकडे कललेली, तशीच, जशी स्ट्रिपेवर वाकायची तेव्हा. शेजारी तिशीची एक मुलगी, तिची असणार. माझी भाची. नळापाशी पोटात होती ती.

मिस्सा संपली आणि लोक रांगेनं पुढे जाऊन त्या दोघींना भेटायला लागले. मी रांगेत उभा राहिलो. रांग हळूहळू सरकत होती आणि मी वाक्यं जुळवत होतो. फार वाईट झालं. मला आजच कळलं. आजच, म्हणजे पिशवी आज उघडली, सुलू, तीन आठवडे ती खालीच होती. आई तुझ्या माशासाठी थांबायची. दुकानात मी जे केलं ते... एकही धड जुळत नव्हतं. काउंटरवर चाळीस वर्षं बोललो होतो, हजारोंना धीर दिला होता. पुढची बाई बाजूला झाली आणि सुलू समोर आली. चेहरा आईचा. अगदी आईचा, टिकलीसकट. तिनं आधी माझ्या पायांकडे बघितलं, अनवाणी पायांकडे, मग वर. आणि माझ्या तोंडून सगळं जुळवलेलं सुटून एवढंच आलं, "बेनी गेले."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते महिनाभरात संपलं असावं.

"नाव ठाऊक होतं म्हणजे तुला," ती म्हणाली.

माझ्या मागे रांग होती. मागच्या म्हाताऱ्यानं हात पुढे केला, तिनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्याचं ऐकायला लागली. मी बाजूला झालो. चपला सापडल्या, घातल्या. हॉलच्या दारात हिल्डाबाई उभ्या होत्या. मागचं फाटक उघडं होतं. मी अंगणातल्या त्या बाकावर जाऊन बसलो, जिथून चर्चचं दार सरळ दिसतं. ऊन बाकाच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं. साडेदहा झाले होते. दीड वाजायला अजून तीन तास होते.